मधल्या सीटचा बेल्ट

४ मार्च, सोमवार

पुन्हा मधेच!

काल अख्खी दुपार नवऱ्याने गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून घालवली. पोरं तीन, खुर्च्या तीन, सीट एक. (बेबी सीट म्हटलं की थोरला फुरंगटतो – "मी बेबी आहे का?" – म्हणून आमच्याकडे त्यांना खुर्च्या म्हणतात.) दोन बसल्या की तिसरी बसत नाही. तिसरी दाबून बसवली की दार लागत नाही. दार लागलं तर बेल्टचं बक्कल खुर्चीखाली गडप! शेवटी त्याने मधल्या खुर्चीवर गुडघा रोवला, बेल्ट ओढला आणि घाम पुसत बाहेर येऊन म्हणाला, "बसलं एकदाचं!"

कसं बसलं ते जाऊन बघितलं. एका खिडकीशी थोरला, दुसऱ्या खिडकीशी धाकटा, म्हणजे त्याचे दोघे. आणि माझी लेक भिंगरी मधे, दोन्हीकडून चेपलेली. गेल्या आठवड्यातही अशीच बसवली होती. तेव्हा म्हटलं, घाईत झालं असेल.

"तिला खिडकीशी घे ना," मी म्हटलं. "बाहेर बघायला मिळालं की गप्प बसते."

"नाही, मधेच बरं."

आणि हे म्हणताना बघत कुठे होता? खुर्चीकडे! माझ्याकडे नाही. कपड्यांच्या दुकानात परत आलेल्या मालाच्या काउंटरवर माझी इतकी वर्षं गेली. "एकदाही अंगाला लावला नाही हो ताई" म्हणणारं माणूस आधी ड्रेसकडे बघतं, मग माझ्याकडे. मला कॉलर हुंगायचीसुद्धा गरज पडत नाही.

५ मार्च

आईचा फोन. सांगायचं नव्हतं, तरी बोलून गेले. ती लगेच – "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! डोळे उघडे ठेव गं बाई."

आईला आधीपासूनच हे लग्न पटलं नव्हतं. पण चूक तरी कसं म्हणू तिला?

सात महिने झाले. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. माझा पहिला नवरा धडधाकट असून सोडून गेला. लग्नाआधीच आम्ही ठरवलं, मागचं उगाळायचं नाही. अट माझीच. त्या माणसाचं नाव मला पुन्हा या तोंडाने घ्यायचं नव्हतं. तो पटकन हो म्हणाला, मुलांनाही तसंच बजावलं. त्यामुळे त्याची पहिली बायको कशी होती, काय होती, मला काही ठाऊक नाही. मुलांच्या खोलीत एक फोटो आहे, तेवढाच. मुलं मला मावशी म्हणतात, भिंगरी त्याला काका म्हणते. बरं चाललं होतं.

म्हणजे, माझी जुनी गाडी चालू होती तोवर बरं चाललं होतं. कुठे जायचं तर दोन गाड्यांची वरात निघायची – तो आणि त्याची पोरं पुढे, मी आणि माझी पोर मागे. फेब्रुवारीत माझी गाडी मोडीत गेली आणि सगळे एका गाडीत आलो. आता कोण कुठे बसतं ते दिसायला लागलं.

घरमालकीणबाईंनाही उत्तर द्यायचंय. माझ्या जुन्या दोन खोल्या अजून सोडलेल्या नाहीत, किल्ली पर्समध्येच आहे. त्या म्हणतात, या महिनाअखेर काय ते सांग, ठेवतेस का सोडतेस. तो म्हणतो, "तुझ्या मनाने कर." आई म्हणते, ठेव. मी रोज पर्स उघडते, किल्ली चाचपते, पर्स बंद करते.

मला एकच कळायला हवंय. या घरात भिंगरीला जागा आहे, की नुसती सोय केली आहे?

७ मार्च

सकाळी शाळेची घाई. थोरल्याला स्वतःचं बक्कल लावता येईना, भिंगरीच्या खुर्चीची कड त्यावर आलेली. हात खुपसून खुपसून बोटाचं साल निघालं त्याचं. एरवी चमचा बदलला तरी भांडणारं पोर, आज हूं की चूं नाही! बोट चोखत बसून राहिलं.

मी म्हटलं, "बघ, ही मांडणीच चुकीची आहे. भिंगरीची खुर्ची कडेला घेतली तर सगळ्यांचं सुटेल."

तो म्हणाला, "बघतो." आरशातून थोरल्याकडे बघितलं त्याने. थोरल्याने मान हलवली. अशी, नाही म्हणून.

काय ठरलंय या बापलेकांचं?

९ मार्च, शनिवार

आज खुर्च्यांच्या दुकानात गेलो. खुर्चीवाला गप्पिष्ट. मागची सीट टेपने मापली, आमच्या तिन्ही खुर्च्या उलट्यापालट्या करून बघितल्या. म्हणाला, "तीन खुर्च्या बसवणं म्हणजे तीन जावा एका स्वयंपाकघरात. कुणाचं कोपर कुणाला लागतं ते आधी बघायचं." मला हसू आलं. मग त्याने सरळ उपाय सांगितला – "लहानीची खुर्ची बुडाशी रुंद आहे. ती खिडकीशी घ्या. थोरल्याला मधे बसवा. काही विकत घ्यायला नको, काही नको."

मी नवऱ्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोल!

तो म्हणाला, "जरा बघू." थोरला त्याचा शर्ट ओढत होता. तो खाली वाकला, थोरला कानात काहीतरी कुजबुजला. मग तो खुर्चीवाल्याला रॅकच्या मागे घेऊन गेला. मी पलीकडच्या बाजूला उभी राहून पावसाळी कव्हरं बघत होते – म्हणजे बघत नव्हते, कान तिकडे होते. स्पष्ट ऐकू आलं. "मधली जागा तिचीच. बाकी काय हवं ते बदला."

बाकी काय हवं ते बदला!

मग काय, थोरल्यालाच नवी अरुंद खुर्ची घेतली. त्याची जुनी, बाटली ठेवायला खाच असलेली, ज्या खाचेत तो दगड, पिसं, शाळेतून पळवलेले खडू साठवायचा, ती जीव की प्राण खुर्ची त्याने हसत देऊन टाकली. खडू खिशात भरले आणि म्हणाला, "चालेल."

सात वर्षांचं पोर सहजासहजी "चालेल" म्हणतं होय! कशाच्या बदल्यात चालेल?

१० मार्च, रविवार

नणंद आली होती. गोड बाई, पण आज तिचंही काहीतरी बिनसलेलं. निरोप द्यायला बाहेर आलो तर तिने गाडीत डोकावलं. भिंगरीची खुर्ची मधे बघून एकदम थबकली.

"वहिनी, हिला मधे बसवलंत?"

"मी नाही. तुमच्या भावाने."

"पोरांनी... चालवून घेतलं?"

म्हणजे? माझ्या मुलीला गाडीत बसवायला पोरांची परवानगी लागते का? पण मी काही बोलायच्या आत तिने चष्मा काढला आणि ओढणीने पुसायला लागली. डोळे भरले होते. कीव आली असणार! आपल्या भावाने सावत्र पोरीला कुठे कोंबलं ते बघून लाज वाटली असणार.

मग भाऊ-बहीण फाटकाशी हळू आवाजात बोलत राहिले. मी जवळ गेले तशी नणंद म्हणाली, "हो ना, नळाला वॉशरच बसवायला हवा." आमच्या घरात एकही नळ गळत नाही.

१४ मार्च

पकडलं!

भिंगरीने गाडीत दूध सांडलं म्हणून मधली खुर्ची काढून तिचं कापड धुवायला टाकलं. म्हटलं, आता सीटही झाडून घेऊ. थोरल्याच्या बाजूला काय नव्हतं – बिस्किटांचा चुरा, पेन्सिलीची टोकं, एक मोजा. धाकट्याच्या बाजूला तर बी पेरलं असतं तर उगवलं असतं. आणि मधे? काही नाही. एक कण नाही. भिंगरी या गाडीत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले, पण त्याआधी ही दोन कार्टी वर्षानुवर्षं या गाडीत उकिरडा करत आली आहेत. दप्तरं डोक्यावर घेतील, चेंडू पायांत ठेवतील, पण मधे काही ठेवलेलं नाही. म्हणजे मधली जागा यांच्या लेखी जागाच नव्हे. आणि तीच माझ्या मुलीला दिली.

आणखी एक आठवलं. लग्नाआधी मी त्याच्या गाडीत पुढे बसायचे, तेव्हा मागचा मधला बेल्ट कायम लावलेला असायचा. कुणी बसलेलं नाही, तरी बक्कल लावलेलं! मी एकदा विचारलंही होतं. "मोकळा ठेवला की खडखड वाजतो," असं म्हणाला होता.

तर आज खुर्ची काढलेलीच होती. मधला बेल्ट मोकळा सोडला आणि गाडी काढली. खड्ड्यांतून नेली, गतिरोधकावरून उडवली, कोपऱ्यावर करकचून वळवली. शेजारच्या आजोबांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. बेल्ट हूं की चूं करत नाही!

म्हणजे तेव्हापासून खोटं बोलतोय. एका बेल्टबद्दल कुणी का खोटं बोलेल? हेच कळत नाही, आणि कळत नाही म्हणून जास्त भीती वाटते. मोठं खोटं पचवता येतं, कारण तरी दिसतं. मागचा नवरा शेवटी शेवटी दूध संपलं का याबद्दलही खोटं बोलायचा.

१५ मार्च

त्याला विचारलं नाही. विचारलं की तो सावध होणार.

१८ मार्च

भिंगरीला अंघोळ घालताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडीत मधे बसायला आवडतं तुला?"

"हो. पण हात द्यावा लागतो."

"कुणाला?"

"दोघांना. एक दादाला, एक छोट्या दादाला. सिग्नल लागला की द्यायचा. तसा नियम आहे."

"कुणी केला नियम?"

"आधीपासून आहे," असं म्हणाली आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "तुला सांगायचं नाही असं ठरलंय!"

साबणाचं पाणी डोळ्यांत गेलं तिच्या, रडारड झाली, विषय संपला. पण मला काय ते कळलं. चार वर्षांच्या पोरीला मधे कोंबायचं, वर नियम लावायचे, वर आईला सांगू नको म्हणून दटावायचं! आमच्या काउंटरवर असा माल आला तर मी मॅनेजरला हाक मारते. इथे कुणाला मारू?

२१ मार्च

घरमालकीणबाईंचा पुन्हा फोन. "काय गं, ठरलं का?" म्हटलं, दोन-चार दिवस द्या.

तो शेजारी भाजी चिरत होता. ऐकलं त्याने. सुरी थांबली, पुन्हा चालू झाली. विचारलं काही नाही. "राहा" म्हणायला काय जातं याचं? की हेही तुझ्या मनाने?

आवडतो मला हा माणूस. हीच तर पंचाईत आहे.

२३ मार्च, शनिवार

तो कामासाठी बाहेरगावी गेलाय, सोमवारी येईल. तिन्ही पोरं नणंदेकडे खेळायला. म्हटलं, हीच वेळ!

तिन्ही खुर्च्या काढल्या. काढताना एवढं काही वाटत नाही. बसवताना देव आठवतो. भिंगरीची खुर्ची खिडकीशी लावली तर तिचा बेल्ट पुरेना, पुरला तर पिळला, पीळ काढला तर ढिला पडला. गुडघा रोवून ओढलं तर माझंच डोकं छताला आदळलं. दोन नखं तुटली. मराठीत जेवढ्या शिव्या आहेत तेवढ्या दिल्या, काही नव्या तयार केल्या. शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, "मदत करू का?" म्हटलं, "नको!" इतक्या जोरात की बिचारे घरातच गेले.

पण बसवलं. एकटीने! भिंगरी खिडकीशी. थोरल्याची अरुंद खुर्ची मधे. धाकटा त्याच्या जागी. तिन्ही हलवून बघितल्या, तसूभर हलत नाहीत. तिन्ही बक्कलं मोकळी, कुणाच्या बोटाचं साल निघायला नको. खुर्चीवाल्याने सांगितलेली साधी, सरळ मांडणी.

एवढंच तर म्हणत होते मी.

२४ मार्च, रविवार

पोरांना पोहायला न्यायचं होतं. भिंगरीला खिडकीशी बसवलं, म्हटलं, बघ आता मजा! थोरला दाराशी आला आणि तिथेच खिळला. त्याच्या मागून धाकट्याने डोकावलं आणि भोकाडच पसरलं.

"तिथे आपण नाही बसायचं! दादा, तिथे आपण नाही बसायचं!"

थोरला हळूच म्हणाला, "मावशी, मी चालत येऊ?"

"एवढ्या लांब? का? काय वाईट आहे तिथे?"

मग माझा तोल गेला. "तुम्हाला नको आणि भिंगरीला बरी? तिने मधे बसायचं, तुम्ही खिडक्या अडवायच्या? असं कोण बसवतं? असं परक्याच्या पोरीला बसवतात!"

त्याने माझ्याकडे बघितलं. उद्धटपणे बघितलं असतं तर बरं झालं असतं. कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखा बघत होता. मग चढला, मधे बसला, स्वतः बेल्ट लावला. सबंध रस्ताभर पाठ टेकली नाही त्याने. दोन्ही हात मांड्यांखाली. सिग्नलला धाकट्याने त्याच्याकडे हात पुढे केला, त्याने घेतला नाही. भिंगरी बाहेर बघायचं सोडून मुसमुसत होती. "मला माझी जागा पाहिजे." तुझ्यासाठीच केलं ना गं हे सगळं!

परत आल्यावर थोरला जेवला नाही. मुलांच्या खोलीचं दार लावलं. आतून तिघांचं काहीतरी चाललं होतं. तिघांचं – भिंगरीही त्यांच्यातच. मी दाराशी गेले तर गप्प.

जिंकले म्हणायचं. ताट मात्र मीही तसंच झाकून ठेवलं.

२५ मार्च, सोमवार

तो आला. बॅग हातातच होती, गाडीत बघितलं त्याने. ओरडला नाही. चेहरा एवढासा झाला.

"विचारायचं तरी मला," म्हणाला.

"विचारलं होतं. मधेच बरं म्हणालास. दुकानात काय म्हणालास तेही ऐकलंय मी. आणि बेल्ट खडखड वाजत नाही! मी चालवून बघितलंय."

"मी शब्द दिलाय," म्हणाला. "मला नाही सांगता येणार."

"कुणाला शब्द दिलायस?"

बॅग घेऊन तो सरळ मुलांच्या खोलीकडे गेला.

बायकोला न सांगण्याचा शब्द! बास. मला आणखी काही कळायची गरज नाही. एकदा फसले ते अजाण होते म्हणून. दुसऱ्यांदा फसले तर गाढव ठरेन.

२६ मार्च

दुकानातून घरमालकीणबाईंना फोन केला. खोल्या ठेवतेय म्हटलं. "येतेस का राहायला?" त्यांनी विचारलं. बहुतेक, म्हटलं. भिंगरीचे कपडे एका पिशवीत वेगळे काढून ठेवलेत.

संध्याकाळभर कुणी कुणाशी बोललं नाही. भिंगरी मात्र ताटावरून ओरडली, "काका, मीठ!" आणि त्याने दिलं.

२७ मार्च

दुकानातून आले तर गाडीचं दार उघडं. थोरला आत. स्वतःची खुर्ची कशीबशी ओढून बाहेर टाकली होती आणि रिकाम्या मधल्या जागेवर बेल्ट लावत होता.

मी काही विचारलंच नाही. तोच बोलला, माझ्याकडे न बघता.

"आई मधे बसायची. आमच्या दोघांच्या मधे. बाबांना म्हणायची, तुम्ही ड्रायव्हर. सिग्नलला दोघांना हात द्यायची. ती गेल्यावर आम्ही तिथे कुणाला बसू दिलं नाही. आजीलापण नाही. मग भिंगरी आली ना, तर मी आणि धाकट्याने ठरवलं की तिला ती जागा द्यायची. बाबा आधी नको म्हणाले. तुला सांगायचं नाही, असं मीच बाबांकडून कबूल करून घेतलं."

"का रे?"

"तुला वाटलं असतं, आम्हाला अजून आईच पाहिजे."

त्याच्या शेजारी सीटवर टेकले. मग म्हणाला, "तू नको रडू, मावशी. खुर्ची बसवायचीय."

भिंगरीची खुर्ची आम्ही दोघांनी परत मधे बसवली. गुडघा माझा, बेल्ट त्याने ओढला. उद्या घरमालकीणबाईंना किल्ली परत द्यायला जायचंय, पाचही जण.